भाड्याचं घर, हायड्रॉलिक बेड आणि घरी करायचा कुशनचा हेडबोर्ड

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवलीत भाड्याचं घर, भिंतीला ड्रिल मारायला मालकाची परवानगी नाही, स्वतःचा ५ बाय साडेसहा फुटी हायड्रॉलिक स्टोरेज बेड, त्याला मागे सनमायका लावलेला सपाट हेडबोर्ड. रात्री टेकून बसलं की पाठ दुखते, म्हणून त्यावर ४ इंची फोम घालून वेल्वेटचा, बटनांचा, डायमंडवाला (बटनांमधल्या घड्यांनी तिरक्या चौकटी पडतात तसा) हेडबोर्ड घरीच करायचाय. हातात साधा टॅकर (हाताने दाबून कापडाला पिना मारायचं यंत्र) आहे, कापड किती लागेल आणि फोम कुठला घेऊ असं विचारलंय.

मी आणि माझा नवरा पुण्यात सोफा-कुशनचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, आधी शिलाई माझ्याकडे आणि ठोकाठोकी त्याच्याकडे होती, आता दोघं सगळंच करतो. त्यामुळे सरळ सांगते, घरी होतं का तर होतं. पण तुम्ही जो डायमंड म्हणताय तो पहिल्याच खेपेला करू नका, आणि ४ इंची फोम तर कुणीही सांगितला तरी घेऊ नका. का ते सविस्तर लिहिते, वाचायला वेळ लागेल.

लोक हेडबोर्ड म्हटलं की कापडापासून सुरुवात करतात. रंग ठरतो, बटनं ठरतात, मग कळतं की हे बेडला बसणार कसं याचा विचारच केला नाहीये. तुमचा प्रश्न पाठ दुखण्याचा आहे, म्हणजे तुम्हाला बसायला पाठ हवीय, शोभेचा पॅनल नकोय. मग आधी बेडची मापं बघायला लागतात.

तुमची गादी ७८ इंच लांब आहे आणि बेडच्या खोक्यात ती मागून पुढून बरोबर बसलेली असणार. आता हेडबोर्डावर ४ इंच फोम आणि अर्धा इंच प्लाय आला म्हणजे साडेचार इंच पुढे आला. तो गादीच्या खालपर्यंत नेलात तर गादी तेवढीच पुढे सरकेल आणि पायाकडून बाहेर लोंबेल. गादीच्या वरून सुरू केलात तर गादी जागेवर राहील पण झोपायची लांबी साडेत्र्याहत्तर इंचावर येईल. सहा फुटी माणूस म्हणजे ७२ इंच, वर उशी, पाय कुठे जाणार ते बघा. एका गिऱ्हाइकाकडे आम्ही हे असंच करून बसलो होतो, त्यांनी हट्टाने जाड फोम घ्यायला लावला आणि आम्ही पण नवीन होतो, नाही म्हणता आलं नाही. पंधरा दिवसांनी फोन, की ताई दिसतो छान पण आमचे हे आता तिरके झोपतात.

म्हणून एकूण जाडी सव्वादोन-अडीच इंचात बसवायची. दीड ते दोन इंच फोम चांगल्या डेन्सिटीचा असेल तर पाठीला पुरतो, कारण पाठीवर तुमचं सगळं वजन येत नाही, ते बुडावर असतं. सोफ्याच्या बैठकीला ४ इंच लागतात म्हणून टेकायलाही तेवढेच लागतील हा हिशेब चुकतो.

आणि हायड्रॉलिक बेड आहे म्हणून अजून एक. काही करायच्या आधी गादी ठेवून बेड पूर्ण उघडा आणि बाजूने वाकून बघा. पायाकडची बाजू वर उचलली जाते तेव्हा डोक्याकडचं गादीचं वरचं टोक मागे हेडबोर्डाकडे जातं. ते कुठे घासतंय तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. प्रत्येक बेडचं वेगळं असतं, काहींना अजिबात लागत नाही, काहींना चांगलं दोन-तीन इंच रगडून जातं. तुमच्याकडे रगडत असेल तर तेवढ्या भागात वेल्वेट वर्षभरात टक्कल पडल्यासारखं होईल, मग कापड दुसरं घ्या किंवा उघडताना गादी जरा पुढे ओढायची सवय लावून घ्या.

आता बसवायचं कसं. भिंतीला भोक पाडायचं नाही ही अडचण वाटते पण तुमच्या बाबतीत ती सोयच आहे, कारण जुना हेडबोर्ड आहे ना. नवीन पॅनल त्याच्यावरच, मागच्या बाजूने स्क्रू मारून बसवायचा. पुढून एकही स्क्रू दिसत नाही, घर सोडताना बेडबरोबर सगळं जातं. ज्यांचं घर स्वतःचं आहे आणि बेडला हेडबोर्डच नाहीये त्यांनी भिंतीत गिट्ट्या ठोकून ४५ अंशात कापलेली लाकडी पट्टी लावावी, तशीच उलटी पट्टी पॅनलच्या मागे, आणि पॅनल वरून अडकवावा. वजन चांगलं पेलतं आणि पाहिजे तेव्हा उचलून काढता येतो. पण तुम्हाला त्यात पडायचं कारण नाही.

फक्त बेड भिंतीला चिकटवून ठेवू नका. बोट जाईल एवढी फट सोडा. तुमच्याकडच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल आली की सगळ्यात आधी बुरशी हेडबोर्डाच्या पाठीवर धरते, आणि ती दिसत नाही, वास येतो. आमच्याकडे मुंबईकडून जे हेडबोर्ड कापड बदलायला येतात त्यातले कितीतरी पुढून ठणठणीत आणि मागून काळे असतात.

उंची कशी ठरवायची तर बेडवर बसा, नेहमी टेकता तसं टेका, आणि कुणालातरी डोक्याच्या मागे खूण करायला सांगा. गादीच्या वरपासून ती खूण साधारण २४ ते २८ इंचावर येते, उंच माणसाची थोडी वर. मी पुढचा हिशेब ३० इंच धरून करते, रुंदी ६०. जुना हेडबोर्ड गादीच्या वर वीसेक इंचच असला तर वरचे दहा इंच मोकळे राहतील, खाली जे सांगते त्या पद्धतीत ते चालून जातं.

तर डायमंड का नको. डायमंडमध्ये प्रत्येक बटनाला फोमला भोक, प्लायला भोक, दाभणाने दोरा आरपार, मागे गाठ, आणि दोन बटनांच्या मधली घडी हाताने बसवायची, सगळ्या घड्यांची तोंडं खाली. एक बटन पाव इंच जरी सरकलं तरी शेजारची चारही चौकटं वाकडी दिसतात. आणि कापडाचा हिशेब अवघड, दोन बटनांमागे दीड-दोन इंच जास्त कापड खोलीत जातं, ते आधी मोजून मागच्या बाजूला खुणा करायच्या असतात. आम्ही अजूनही डायमंड घेतला की त्या दिवशी दुसरं काम घेत नाही. व्हिडिओत अर्ध्या तासात होतो कारण मधलं सगळं कापलेलं असतं.

त्यात तुमची ५४ इंचाची अडचण आहे. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुतेक ५४ इंचच असतो. तुमचा पॅनल ६० इंच रुंद, दोन्ही बाजूंना फोमची आणि प्लायची जाडी आणि मागे वळवायला अडीच इंच धरले की ७० इंच कापड आडवं लागतं. साधं विणलेलं कापड असेल तर ते आडवं फिरवून लावता येतं, म्हणजे कापडाची लांबी बेडच्या रुंदीत टाकायची, दोन मीटरमध्ये काम होतं, जोड नाही. पण वेल्वेटला लव असते, म्हणजे एकाच दिशेला झुकलेले बारीक केस. ती वरून खाली यायला पाहिजे, आडवी झाली की डाव्या बाजूने बघितलं तर एक रंग आणि उजव्या बाजूने दुसरा. आणि उभं लावायचं तर ५४ मध्ये ७० बसत नाही, मधे जोड येतो.

लवेवरून आमचीच फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात तीन तुकड्यांचा वेल्वेट हेडबोर्ड केला होता आणि मधला तुकडा कापताना माझ्याकडून उलटा फिरला. वर्कशॉपमध्ये ट्यूबलाइटखाली कुणालाच कळलं नाही, गिऱ्हाइकाने दिवसा पैसे दिले, आणि रात्री त्यांनी साइड लॅम्प लावला तर मधला भाग सरळ काळा. दुसऱ्या दिवशी सगळं काढून आणलं, कापड आमच्या खिशातून. तेव्हापासून मी वेल्वेटचं कापड उलगडलं की आधी मागच्या बाजूला चॉकने बाण काढते, खाली कुठे ते दाखवणारा, प्रत्येक तुकड्यावर. तुम्ही पण काढा. हात खाली फिरवला की गुळगुळीत लागलं पाहिजे, वर फिरवला की खरखरीत.

या सगळ्यावर माझा उपाय म्हणजे उभ्या पट्ट्या. ६० इंचात दहा पट्ट्या, प्रत्येक पट्टीचा वेगळा प्लाय, वेगळा फोम, वेगळं कापड, आणि मग सगळ्या एका मागच्या प्लायवर शेजारी शेजारी स्क्रूने बसवायच्या. शिलाई शून्य. लव सगळीकडे वरून खाली. एक पट्टी बिघडली तर तेवढीच उघडून परत करायची. आणि दिसायलाही भारी दिसतं, हल्ली सगळीकडे हेच चाललंय.

कापडाचा हिशेब बघा. पट्टी साधारण ६ इंच, फोम दीड इंच, प्लाय अर्धा इंच, मागे वळवायला दीड इंच, म्हणजे दोन्हीकडचे मिळून ७ आणि पट्टीचे ६, असं १३ इंच रुंद कापड एका पट्टीला. ५४ च्या पन्ह्यात अशा चार बसतात. लांबीला ३० अधिक ७, म्हणजे ३७. दहा पट्ट्यांना तीन ओळी, १११ इंच, तीन मीटरला किंचित कमी. तरी सव्वातीन मीटर घ्या, दुकानदार कधी कधी तिरकं कापतो, आणि उरलेलं लागणारच आहे, कशाला ते पुढे सांगते.

आता एक गोष्ट जी व्हिडिओत कुणी बोलत नाही. पट्टीचा प्लाय बरोबर ६ इंच कापायचा नाही. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना कापड येतं, दहा पट्ट्यांच्या वीस कडा, आणि फोम पण थोडा बाहेर दबतो, सगळं मिळून आमचा पहिला पॅनल बेडपेक्षा बोटभर नाही तर चांगला दोन इंच रुंद भरला होता. पावणेसहा इंच कापा. कापड जाड असेल तर आधी दोनच पट्ट्या करून शेजारी ठेवून मोजा आणि मग बाकीच्या कापायला द्या.

प्लाय १२ एमएमचा पट्ट्यांना आणि मागचा बेस ९ एमएमचा. साधा एमआर ग्रेडचा, ज्याला दुकानात कमर्शियल म्हणतात, तो पुरतो. मरीन घेऊ नका, पैसे जातात आणि शिवाय तो कडक असतो, तुमच्या हातातल्या टॅकरची पीन त्यात अर्धीच जाते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) पण नको. कटाई दुकानातूनच करून आणा, ८ बाय ४ चा अख्खा शीट बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्यात वळत नाही. घरी आणल्यावर प्रत्येक पट्टीच्या पुढच्या कडा पॉलिश पेपरने किंवा कानशीने गोल मारा. पाच मिनिटांचं काम आहे पण नाही केलं तर त्या धारेवर कापड वर्षा-दोन वर्षांत चिरतं.

फोम ३२ डेन्सिटीचा मागा. डेन्सिटी म्हणजे किती कडक असं लोकांना वाटतं, तसं नसतं, एका घनमीटरचं वजन किती किलो तो आकडा आहे तो. त्यामुळे ३२ चा मऊ पण मिळतो आणि कडक पण. डेन्सिटी जास्त म्हणजे बसत नाही लवकर, एवढं लक्षात ठेवा. तुम्हाला मध्यम हवा, अंगठ्याने दाबून सोडला की लगेच वर आला पाहिजे. आणि ३२ म्हणून २३ चा गळ्यात मारतात, हे होतं, तर काट्यावर ठेवा. ६० बाय ३० इंचाचा दोन इंची तुकडा ३२ चा असेल तर एक किलो नऊशेच्या आसपास भरतो, २३ चा असेल तर साडेतेराशे ग्रॅमच्या जवळ. दीड इंची घेतलात तर त्याच्या पाऊण पट. दुकानदार हसेल, हसू दे.

फोम कापायला ब्रेड कापायची दातेरी सुरी चालते, किंवा लांब पात्याचा कटर, पातं नवीन हवं. दाबून कापू नका, हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा, दाबलं की कड आत-बाहेर होते. फोम प्लायच्या बरोबर कापायचा, बाहेर ठेवायचा नाही. अखंड पॅनल असता तर अर्धा इंच बाहेर ठेवायला सांगितलं असतं, कड गुबगुबीत दिसते, पण पट्ट्यांमध्ये तेच पट्ट्या एकमेकींना ढकलतात. त्यावर पॉलिफिलचा (कापसासारख्या पॉलिस्टरचा) पातळ थर, फक्त पुढच्या तोंडाला आणि वर-खाली, बाजूंना नाही.

चिकटवायला एसआर, म्हणजे रबरवाला फेविकॉल, लागतो, फोम आणि प्लायच्या मधे, तोही चार-पाच ठिकाणी पातळ पट्टे. दोन्हीकडे लावून हाताला चिकटणं थांबेपर्यंत थांबा आणि मग दाबा. ओलं असताना लावलं की फोम कडक होतो आणि टेकल्यावर ती रेघ पाठीला कळते. फोम आणि कापडाच्या मधे कधीच चिकटवू नका. आणि खिडक्या उघड्या, स्वयंपाकघरात गॅस बंद, देवापुढे दिवा असेल तर शांत होऊ दे आधी. एसआरची वाफ पेट घेते, यात मस्करी नाही. मुसळधार पाऊस चालू असेल त्या दिवशी हे काम करू नका, दमट हवेत तो पांढरट पडतो आणि धरत नाही.

आता कापड. जमिनीवर स्वच्छ चादर, त्यावर कापड उलटं, बाण बघून, त्यावर फोम खाली आणि प्लाय वर. पहिली पीन लांब बाजूच्या मध्यावर, दुसरी समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग वरच्या टोकाला मध्यावर, खालच्या टोकाला मध्यावर. झालं की उलटून बघा. मग मध्यापासून कोपऱ्याकडे, एक इकडे एक तिकडे, इंच-सव्वा इंचावर. एका बाजूच्या सगळ्या पिना मारून मग दुसरी बाजू ओढायला गेलात की कापड तिरकं जाणारच. कोपरे शेवटी. कोपऱ्यापाशी दोन इंच मोकळं सोडायचं, वरचं कापड आधी मागे घ्यायचं, बाजूचं त्यावर घडी घालून, आणि जास्तीचं मागच्या बाजूने कातरून टाकायचं, नाहीतर तिथे गाठोडं होतं आणि पट्टी बेसवर सपाट बसत नाही.

ओढायचं किती? नवीन माणूस जीव खाऊन ओढतो. मग प्रत्येक पिनेपाशी कापडात खळी पडते, आणि कडेला लाटा दिसतात. सुरकुती जाईल एवढंच, तळहाताने मधून कडेकडे सारत न्यायचं आणि तिथे पीन मारायची. पीन ८ किंवा १० एमएमची, १२ च्या प्लायला त्याहून लांब घेतली तर टोक फोमकडे बाहेर येतं. हाताच्या टॅकरने काही पिना वर राहतील, त्या हातोडीने ठोका. दहा पट्ट्यांच्या पाच-सहाशे पिना होतात, हात भरून येतो हे आधीच सांगते, एका दिवसात संपवायचा हट्ट नको. ओळखीचा सुतार असेल तर त्याचा कॉम्प्रेसर आणि गन एका दुपारसाठी मागा, दोन तासांत उरकेल.

सगळ्या पट्ट्या झाल्या की चादरीवर उलट्या मांडा, वर बेस ठेवा, मागून १९ एमएमचे स्क्रू, ९ चा बेस आणि १० एमएम पट्टीत, बरोबर बसतं. एका पट्टीला तीन. आणि उभ्या पट्ट्यांमुळे सगळ्याला उभा ताठपणा येतो, म्हणून वरचे दहा इंच बिनआधाराचे चालतील म्हटलं. मग जुन्या हेडबोर्डाच्या मागून ३२ चे स्क्रू, जुना बोर्ड १८ एमएमचा असेल असं धरून. तुमचा किती आहे ते मोजा, २५ चा असेल तर स्क्रू ३८ चा घ्या, आणि कुठलाही मारायच्या आधी शेजारी धरून बघा की टोक फोममध्ये तर येत नाहीये ना. आठ-दहा स्क्रू पुरे. आणि हो, यासाठी बेड पुढे ओढावा लागेल, म्हणजे आधी स्टोरेज रिकामं करावं लागेल. अर्धा रविवार त्यातच जातो, लग्नातली भांडी, जुनी स्वेटरं, सगळं निघतं.

कापड वेल्वेटच घ्या असं मात्र मी म्हणणार नाही, ते घरात डोक्याला तेल लावतात का त्यावर आहे. आपल्याकडे लावतातच. खोबरेल लावून टेकलं की सहा महिन्यांत बरोबर दोन डोक्यांच्या जागी दोन गडद गोल दिसायला लागतात, फिक्या वेल्वेटवर तर लांबून दिसतात. डाग ताजा असेल तर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी मऊ ब्रशने झाडा, बरंचसं निघतं, जुना नाही निघत. म्हणून जे कापड उरेल त्याला कडा दुमडून शिवून घ्या आणि पट्ट्यांच्या वरच्या कडेवरून पुढे सोडता येईल असा तुकडा करा, मागे वेल्क्रो. महिन्यातून एकदा काढून धुवायचा. लहान मुलं असतील, तेल रोजचं असेल तर मी शेनिल (जाडसर, मऊ लोकरी धाग्यासारखं दिसणारं कापड) किंवा ज्यूटसारखं दिसणारं पॉलिस्टरचं विणलेलं कापड घेईन, मध्यम गडद, दोन रंगांच्या धाग्यांचं. डाग लपतो. लेदराइट, म्हणजे नकली चामडं, लोकांना पुसायला सोपं म्हणून आवडतं पण पीयूचं (पॉलियुरेथेनचा थर दिलेलं) लेदराइट दमट हवेत काही वर्षांत सोलायला लागतं, आणि उन्हाळ्यात मान चिकटते ते वेगळंच.

तरीही डायमंडच पाहिजे असेल तर फोम आणि कापड स्वतः निवडून, वजन करून आणा आणि कारागिराकडून फक्त मजुरीवर करून घ्या.

पट्ट्या करायला घेतल्यात तर पहिली पट्टी मधली म्हणून करू नका. पहिली सगळ्यात वाईट होते, माझीही होते नवीन कापड असलं की. तिच्या मागे पेन्सिलने १ लिहून ठेवा आणि ती कडेला लावा, जिथे पडदा किंवा कपाट येतं त्या बाजूला. पाचवी-सहावी पट्टी येईपर्यंत हात बसलेला असतो, त्या मधे लावा.